रसायनशास्त्र, किमान पन्नास टक्के

धडगाव,
८ जानेवारी २०२५

आदरणीय उमाकांत सर,

नमस्कार तुम्हाला. तुमच्या छाननी समितीला नाही.

विद्यापीठाचं पत्र काल आलं. आमच्या महाविद्यालयाने पाठवलेला 'दवाखान्यातील दुभाषी काम' हा विषय मंजूर झाला म्हणून प्राचार्यांनी पेढे आणायला माणूससुद्धा पाठवला. तो परत येईपर्यंत मी पत्राची शेवटची ओळ वाचली होती. 'पूर्वअट : बारावीत रसायनशास्त्र या विषयात किमान पन्नास टक्के गुण.' पेढे आले, पण ते कुणी हातात घेतले नाहीत.

तुम्ही त्या समितीचे सचिव. बी. ए.ला तुम्ही मला मराठी शिकवलंत, म्हणून तुम्हालाच विचारते. हे रसायनशास्त्र कुठून आलं?

प्रस्ताव तुम्ही वाचला असेलच, तरी थोडक्यात सांगते. इथल्या रुग्णालयात डॉक्टर येतात लातूरचे, नागपूरचे. पेशंट येतो पाड्यावरून, तो बोलतो पावरी. दोघांच्या मधे उभा राहतो जो हाताशी सापडेल तो, कधी झाडूवाली, कधी जीपवाला. माझी मुलं घरी पावरी बोलतात आणि शाळेत मराठी शिकली आहेत. त्यांनाच हे काम नीट शिकवायचं. अर्धे तास वर्गात, अर्धे ओपीडीत. ओपीडीतलं शिकवणार धनुबाई. ती आशा कार्यकर्ती आहे, पंधरा वर्षं डॉक्टर आणि बायका यांच्या मधे उभी राहते आहे. विषय विद्यापीठाचा असेल तरच मुलांना आत बसू देऊ, असं वैद्यकीय अधिकारी म्हणाले, म्हणून तर हा सगळा खटाटोप.

एकतीस जणांनी नावं दिली. एकतीसही कला शाखेचे. आमच्याकडे विज्ञान शाखाच नाही. म्हणजे विषय मंजूर, आणि तो घेऊ शकेल असा विद्यार्थी शून्य. जूनच्या आत ही अट निघाली नाही तर सगळं गेलं.

तुमची,
रिना पावरा


शहादा,
१५ जानेवारी २०२५

प्रिय रिना,

पत्र पोचले. अक्षर अजून सुंदर आहे, राग मात्र पूर्वीपेक्षा वाढलेला दिसतो.

आधी एक विनंती. समितीविषयी जे काही लिहायचे ते असेच कागदावर लिही. फोनवर नको. सकाळी लिहिलेल्या ओळीचा स्क्रीनशॉट दुपारपर्यंत जिल्हाभर फिरतो आणि मग उत्तरे देत बसावे लागते.

तुझ्या प्रस्तावावर बैठकीत पाऊण तास सविस्तर चर्चा झाली. सर्वांनी मनापासून कौतुक केले. परंतु विषय दवाखान्याशी निगडित असल्याने त्याला काही शास्त्रीय बैठक असावी, असे मत पडले. पूर्वअट म्हणजे अडथळा नव्हे, ती विषयाची प्रतिष्ठा असते. उद्या कुणी म्हणू नये की धडगावच्या मुलांना सोपा विषय देऊन गुण वाटले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. मंजुरी तुझ्या नावावर जमा झाली आहे, पदोन्नतीच्या वेळी ती उपयोगी पडेल. विद्यार्थी या वर्षी नाही आले तर पुढच्या वर्षी येतील. अशा गोष्टींना वेळ द्यावा लागतो.

तुझा,
उमाकांत पाटील


धडगाव,
२१ जानेवारी २०२५

सर,

पदोन्नतीचं वाचून मी पत्र बाजूला ठेवलं आणि दोन तास घेऊन आले. नाहीतर या कागदावर काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे.

तुम्हाला खरंच वाटतं मी हे पदोन्नतीसाठी करतेय?

धनुबाईला अट सांगायला गेले. ती ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत होती. रसायनशास्त्र म्हणजे काय, असं तिने विचारलं. जमेल तसं सांगितलं. तिने आणखी दोन शेंगा सोलल्या आणि पावरीत म्हणाली, "ते पेशंटला येतं का?" मी म्हटलं, नाही. "डॉक्टरला येतं?" हो. "मग मधल्याला कशाला?" सर, तुमच्या पाऊण तासाच्या चर्चेत हा प्रश्न एकाही डॉक्टरेटवाल्याला पडला नाही?

तिची स्वतःची अट काय आहे ते सांगते. आम्ही दिवाळीनंतर एक दिवस नमुन्याचा वर्ग घेतला, तेव्हा तिने मुलांना पहिलं वाक्य हे शिकवलं : नाही समजलं तर तोंडाने 'नाही समजलं' म्हणायचं, आणि चुकीचं सांगितलं गेलं तर तिथल्या तिथे 'मी चुकले' म्हणायचं, डॉक्टरसमोर आणि पेशंटसमोर. ज्याला लाज वाटते त्याने घरी जावं. बस. तिच्याकडे एवढंच बघतात.

मी फेरविचाराचा अर्ज टाकलाय. बैठकीच्या इतिवृत्ताची साक्षांकित प्रतही मागितलीय. अट कुणी सुचवली ते मला बघायचंय.

मागच्या बाजूला रविनाचा नंबर लिहिलाय. दुसऱ्या वर्षाला आहे, एकतीस जणांत सगळ्यात तयार मुलगी. समितीतल्या एकाने तरी तिला फोन करावा आणि तिला काय येतं ते विचारावं.

रिना


शहादा,
१० फेब्रुवारी २०२५

प्रिय रिना,

तुझ्या अर्जाची समितीने गांभीर्याने दखल घेतली. या अटीची आवश्यकता तपासण्यासाठी तीन सदस्यांची उपसमिती नेमण्यात आली. तिचा अहवाल सोबत जोडत आहे. निष्कर्ष असा की 'औषधे ही मूलतः रसायने असल्याने औषधांविषयीच्या संभाषणाचे भाषांतर करणाऱ्यास रसायनशास्त्राचे किमान ज्ञान असणे इष्ट आहे.' रसायनशास्त्राच्या एका सदस्यांनी, या निमित्ताने त्यांच्या विभागाला थोडा कार्यभारही, म्हणजे जादा तासिका, मिळेल, असे नमूद केले.

अहवालाची भाषा माझी आहे. काही दोष आढळल्यास जरूर कळव.

इतिवृत्ताची प्रत लिपिक रूपचंद स्वतंत्र पाकिटातून पाठवतो आहे. रिना, एक वडीलधाऱ्याचा सल्ला ऐक. प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जाऊन हाती काही लागत नाही. विषय चालू ठेव. दोन वर्षांनी नवा अभ्यासक्रम येईल, तेव्हा अट गुपचूप काढून टाकू.

उमाकांत पाटील


धडगाव,
१८ फेब्रुवारी २०२५

सर,

दोष विचारलात म्हणून सांगते. अहवालाची भाषा निर्दोष आहे. वाचून मला किळस आली.

राग असता तर मी लांबलचक लिहिलं असतं. ही किळस आहे, जेवायला बसल्यावर ताटात मेलेलं काही दिसावं तशी. तीन शिकलेली माणसं एका खोलीत बसली, चहा प्यायली, आणि जे कुणालाच पटत नाही त्याला कारण शोधत राहिली. आणि शोधून काढलं! औषधं रसायनं असतात! मग पेशंट हाडामांसाचा असतो, तर दुभाष्याला खाटीककाम यायला नको?

इतिवृत्ताची प्रत आली. तुम्ही ती पाठवण्याआधी वाचली नाही, हे नक्की. पान दोनवर माझ्या विषयाखाली अटीनंतर काय छापलंय ते जसंच्या तसं उतरवते : 'विद्यार्थ्याने अ‍ॅप्रन व स्टीलची सुरी स्वतः आणावी. सोललेली फळे दहा मिनिटांच्या आत द्रावणात बुडवावीत.'

त्याच्या आधीचा विषय आहे 'केळी प्रक्रिया व साठवण'. तिथेही हेच सगळं आहे, रसायनशास्त्राच्या पन्नास टक्क्यांसकट. म्हणजे कुणीतरी केळ्याचा कागद घेतला, वरचं नाव बदललं आणि खालचं तसंच राहू दिलं. चर्चा-बिर्चा काही झाली नाही. पाऊण तास बोलणाऱ्यांपैकी एकाच्याही डोळ्यांत ती सुरी खुपली नसती का?

सर, तुम्हाला आठवत असेल. पहिल्या वर्षाला मी निबंधाचा शेवट गाइडमधून उतरवला होता. तुम्ही मला वर्गात उभं केलंत आणि 'मी उतरवलं' असं मोठ्याने म्हणायला लावलंत. साठ मुलं बघत होती. मी रडले, पण नंतर आयुष्यात कुणाचं काही उतरवलं नाही. त्याबद्दल मी आजही तुम्हाला मानते.

आता समितीत ज्याने कुणी हे उतरवलं असेल, त्याला उभं करा. तुम्हाला ते जमतं.

रिना


शहादा,
१९ मार्च २०२५

प्रिय रिना,

महिनाभर उत्तर दिले नाही. चार वेळा लिहायला बसलो आणि चारही कागद फाडले. जे झाले ते आज सरळ लिहितो.

कळसाडीच्या आमच्या शेतावर दिवाल्या राहतो, तुझ्याच भागातला. त्याची बायको कालीबाई. परवाच्या मंगळवारी दुपारी दिवाल्याचा फोन आला की तिला चालवत नाही. मी गाडी काढून दोघांना शहाद्याच्या दवाखान्यात आणले. डॉक्टर तरुण, बाहेरगावचा. काय होते म्हणून तो तिला विचारत होता, ती भिंतीकडे बघत होती. मी दिवाल्याला म्हटले, तू सांग. तो म्हणाला, "काही सांगत नही, सर. नुसती रडस."

मग डॉक्टर माझ्याकडे बघू लागला. रिना, एकतीस वर्षे मी भाषा शिकवली. ही बाई सहा वर्षे माझ्या शेतावर राहते. तिच्याशी मी आजवर एक वाक्य बोललेलो नव्हतो. रडताना ती जे पुटपुटत होती त्यातला मला एक शब्द समजला नाही. डॉक्टर पोटदुखीच्या गोळ्या लिहायला लागला.

तुला फोन लावला. रेंज नव्हती. तुझे जानेवारीचे पत्र माझ्या पिशवीत तसेच होते. मागच्या बाजूचा नंबर लावला आणि रविनाला एका दमात सगळे सांगितले. तिने फोन स्पीकरवर ठेवायला सांगितला, कालीबाईशी चार शब्द बोलली आणि मग मराठीत म्हणाली, "सर, तुम्ही आणि दादा बाहेर जा. फोन सिस्टरकडे द्या."

आम्ही बाहेर गेलो. दारातून तिचा आवाज ऐकू येत होता. एकदा ती डॉक्टरला म्हणाली, "थांबा, मला हे नीट समजलं नाही, परत विचारते." आणखी एकदा म्हणाली, "आत्ता मी चुकीचं सांगितलं, दोन नाही, चार दिवस." मला तुझ्या धनुबाईची आठवण झाली. पंधरा मिनिटांनी डॉक्टर धावतच बाहेर आला. कालीबाईला दिवस गेले होते, चार दिवस रक्त जात होते आणि नवऱ्यासमोर आणि मालकासमोर ती बोलणार नव्हती. गर्भ नळीत राहिला होता. गाडीने नंदुरबारला नेले, संध्याकाळी ऑपरेशन झाले. गोळ्या घेऊन घरी गेली असती तर वाचली नसती, असे तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या. ती वाचली आहे.

आता दुसरे. ते मी उतरवले.

आमचे इतिवृत्त बैठकीच्या आदल्या दिवशीच तयार असते. वर्षानुवर्षे असेच चालते. रूपचंद दारात येऊन विचारतो, "सर, मांगना सारखंच राहू देऊ का?" म्हणजे मागच्या वेळचेच, आणि मी मान हलवतो. बैठकीत चहा होतो आणि सह्या होतात. त्या दिवशी रूपचंद रजेवर होता, म्हणून मीच संगणकावर बसलो. केळ्याचा मजकूर घेतला, नाव बदलले, श्रेयांक बदलले आणि तेवढ्यात कुणीतरी हाक मारली. पाऊण तासाची चर्चा मी तुला लिहिताना रचली. उपसमितीही मीच सुचवली, म्हणजे कुणी मूळ कागद बघणार नाही. अहवालातली ती औषधे-रसायनेही माझ्याच लेखणीची.

तुझ्या पहिल्या पत्रानंतर एका ओळीत सगळे मिटले असते. ती ओळ माझ्याच्याने लिहवली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली लाल रेघा मारल्या, स्वतःच्या चुकीखाली मारताना हात उचलेना. ज्या मुलीला मी अपात्र ठरवले तिनेच परवा मला खोलीबाहेर काढले, आणि बरे केले. स्वतःचा इतका वीट मला कधी आला नव्हता.

तू सांगशील ते करतो.

उमाकांत


धडगाव,
२४ मार्च २०२५

सर,

कालीबाई वाचली हे वाचून बरं वाटलं. बाकीचं वाचून काय वाटलं ते विचारू नका.

पुढची बैठक एप्रिलमध्ये आहे ना? उभे राहा. आणि मोठ्याने म्हणा.

रिना


शहादा,
१२ एप्रिल २०२५

प्रिय रिना,

मंगळवारी बैठक झाली. मी उभा राहिलो.

अध्यक्ष योगेंद्र सर म्हणाले, बसून बोला. मी म्हटले, हे बसून बोलायचे नाही. केळ्याचा कागद, सुरी, खोटा अहवाल, सगळे सांगितले. 'मी उतरवले' हे शब्द अकरा जणांच्या समितीसमोर मोठ्याने म्हटले. कालीबाईचेही सांगितले. शेवटी म्हटले की ही अट नसून चूक आहे आणि ती आजच्या आज काढावी.

मग एकांनी विचारले की पंखा वाढवता येईल का. रसायनशास्त्राचे सदस्य म्हणाले की कार्यभार आता वेळापत्रकात धरला गेला आहे. योगेंद्र सर माझ्या जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पाटील सर, जूनमध्ये निवृत्त होताय. कशाला मनाला लावून घेता? एका विषयात चूक झाली म्हटलं तर लोक बाकीचे चाळीस विषय उघडून बघतील." मी म्हटले, बघू देत. ते हसले. सगळेच हसले, मी विनोद केला असे समजून. मनाला लावून घेऊ नकोस, असे मीही तुला लिहिले होते ना? समोरून ऐकल्यावर ते किती घाणेरडे वाटते ते मला त्या दिवशी कळले.

जाताना रूपचंदने मला जिन्यात गाठले. तो आमच्या गावाकडचा आहे, माझ्याशी अहिराणीतच बोलतो. म्हणाला, "सर, तुमनं बोलणं मी सगळं लिखेल व्हतं. साहेबनी खोडी टाकं." योगेंद्र सरांनी ते खोडून टाकले होते.

इतिवृत्ताची प्रत जोडली आहे. माझ्या उभे राहण्याची नोंद त्यात आहे. मुद्दा क्रमांक नऊ बघ : 'सदस्य-सचिवांनी सेवानिवृत्तीनिमित्त मनोगत व्यक्त केले. अल्पोपाहारानंतर बैठक संपली.' मुद्दा सात : 'दवाखान्यातील दुभाषी काम या विषयाची पूर्वअट कायम. विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नसल्याने विषय स्थगित.'

इतकी वर्षे मी याच खोलीत बसलो आणि मला तिथला वास कधी आला नाही. त्या प्रतीवर मी सही केलेली नाही. सचिवाच्या सहीविनाही ती चालते, असे त्यांनी मला नियम दाखवून सांगितले.

मी तुझ्यासाठी काहीच करू शकलो नाही.

उमाकांत


धडगाव,
१९ एप्रिल २०२५

आदरणीय सर,

मुद्दा नऊ मी वर्गात वाचून दाखवला. मुलं हसली. रविना हसली नाही. ती म्हणाली, "मॅडम, पेशंट रडत असताना 'पेशंटने मनोगत व्यक्त केले' असं मी डॉक्टरला सांगितलं, तर धनुबाई मला किती मारेल?"

'प्रतिसाद नसल्याने.' एकतीस नावं, एकतीस सह्या, त्यातल्या चार मुली अठरा किलोमीटर चालत येतात. यांचा प्रतिसाद नाही! हे लिहिणाऱ्याला लाज कशी वाटली नाही? माझी किळस गेलेली नाही, सर, आणि तुमच्यावरचा रागही पुरता गेलेला नाही. तुम्ही जानेवारीत बोलला असता तर ती ओळ खोडली गेली असती. एप्रिलपर्यंत तिला कार्यभार फुटला, वेळापत्रक फुटलं. हे मी तुम्हाला माफ करून टाकलंय असं खोटं लिहिणार नाही.

इकडचं सांगते. वैद्यकीय अधिकारी गेल्या महिन्यातच म्हणाले, विद्यापीठाचा कागद नाही तर मुलांना आत बसवता येणार नाही. त्यांचंही बरोबर आहे. त्यामुळे रविना आणि आणखी सहा जणी बाजाराच्या दिवशी रुग्णालयाबाहेर केसपेपरच्या रांगेत उभ्या राहतात. पेशंटला कुठे दुखतं, कधीपासून, ते विचारून चिठ्ठीवर मराठीत लिहून देतात. डॉक्टर आता चिठ्ठी आहे का म्हणून आधी विचारतात. आत मात्र अजूनही झाडूवालीच उभी असते.

श्रेयांक नाहीत, गुण नाहीत, प्रमाणपत्र नाही. तरी धनुबाईने दर रविवारी ओसरीवर वर्ग सुरू केलाय. एकतीसपैकी एकोणीस येतात. बारा गेले, कारण त्यांना गुणांची गरज होती आणि ते त्यांचं चुकलं नाही.

तुमची दोन्ही पत्रं मी तिला पावरीत वाचून दाखवली, दवाखान्याचं आणि बैठकीचं. ती म्हणाली, "या म्हाताऱ्याला सहा वर्षांत बाईशी एक वाक्य बोलता आलं नाही?" मी म्हटलं, नाही. "आणि साहेबांसमोर उभा राहून चुकलो म्हणाला?" म्हटलं, हो, पण फार उशिरा. मग म्हणाली, उशीर झाला तरी म्हणाला ना, मग घे त्याला.

तेव्हा कळवते की अकरा जणांच्या समितीतून आमच्या वर्गाला एकच माणूस पात्र ठरलाय. जूनपासून तुम्हाला वेळही असेल. कालीबाई बरी झाली की तिच्याशी काय बोलायचं, तिथून सुरुवात करू. तुमचा गुरू रविना असेल, आणि ती चुका मोठ्याने सांगते.

रविवारी दहा वाजता, धनुबाईच्या पाड्यावर. वही आणा. सुरी नको.

रिना